कुटुंबाचा रकाना

१ सप्टेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. वही मुद्दाम जाड पुठ्ठ्याची घेतली, कारण इथे टिकायचा विचार आहे. टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात तेरा वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि शेवटी कंपनीच बुडाली तेव्हा निरोपाला एक पेन मिळालं. त्याच पेनाने हे लिहितेय. चालतं मात्र छान.

ऑफिस एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. मोठ्या खिडक्या, सहा टेबलं, एक फळा, आणि जिन्यात अजून शाईचा वास. मी धरून सहा माणसं. प्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात. ते पूर्वी गणित शिकवायचे आणि समोरच्याला उत्तर येत नाही असं धरूनच अजून बोलतात. प्रोग्राम लिहिणारा मुख्य माणूस पन्नाशीचा आहे. त्याला तोंडावर खडूस म्हणतात आणि तो ओ देतो. बाकीचे तिघं कानाला हेडफोन लावून बसतात, त्यांची ओळख व्हायला वर्ष लागेल.

मास्तरांनी फळ्यावर तीन चौकोन काढून काम समजावलं. एखाद्याला आपण कोण ते कळू न देता काही वाचायचं-लिहायचं असतं. नवऱ्याच्या मारापासून पळालेली बाई असेल, साहेबाची लबाडी उघड करणारा कारकून असेल. त्यांचा निरोप आमच्या जाळ्यातून जातो, तीन अनोळखी लोकांच्या घरी ठेवलेल्या तीन मशिनींतून. या मशिनीला इथे पेटी म्हणतात. चपलांच्या खोक्याएवढी असते, एक हिरवा दिवा, कळांची पट्टी आणि मागे वायर. प्रत्येक पेटीला फक्त आपल्या मागची आणि पुढची पेटी ठाऊक. पहिलीला तिसरीचा पत्ता नाही, तिसरीला पहिलीचा नाही. त्यामुळे मधे कुणी पकडलं तरी माग लागत नाही. मला हे फारच आवडलं.

माझ्याकडे दोन कामं. फुकटात पेटी घरी ठेवून सांभाळतील असे स्वयंसेवक जमवायचे, आणि नव्या आवृत्तीच्या रिलीजचं वेळापत्रक आखायचं. रिलीज १८ तारखेला, तोवर साठ नव्या पेट्या हव्यात. घरी येऊन आईला फोन केला. तिला एवढंच कळलं की मुलगी पुन्हा कामाला लागली, आणि तेवढंच कळायला हवं होतं. धाकट्याला सांगितलं तर म्हणाला की ताई, आता शिव्या खायच्या नाहीत म्हणजे तुझं वजन उतरेल.

४ सप्टेंबर, गुरुवार

चार दिवसांत अकरा पेट्या. तक्रार विभागाचं शिक्षण वाया गेलं नाही. फोनवर माणूस चिडलाय, घाबरलाय की नुसताच एकटा आहे, ते पहिल्या वाक्यात कळतं. एकटी माणसं लगेच हो म्हणतात. एक निवृत्त ग्रंथपाल तर म्हणाले की पेटीचा दिवा जळताना बघून घरात कुणी जागं असल्यासारखं वाटेल.

ऑफिसात एक गोष्ट लक्षात आली. दुपारी जेवताना कुणाचाच फोन वाजत नाही. माझ्या फोनवर आईचे दोन आणि धाकट्याचा एक तरी ठरलेला. आई त्याची तक्रार करते, तो तिची. मी मधे बसून दोघांना हो हो म्हणते. इथे पाच माणसं मुकाट्याने डबे उघडतात आणि मुकाट्याने बंद करतात. टेबलावर फोटो नाही, कुणाला घरी लवकर जायचं नसतं. मला वाटलं, कामाला वाहून घेतलेली माणसं अशीच असणार. खडूस रोज डब्यात दोन चमचे आणतो. एकाने जेवतो, दुसरा नुसता पुसून परत ठेवतो. विचारलं तर म्हणाला की सवय आहे, कसली ते आठवत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज स्वयंसेवकांचा फॉर्म नीट शिकले. सोळा अक्षरांची एक खूण प्रत्येक पेटीच्या पोटाशी चिकटवलेली असते, ती लिहायची. गाव, वेळ, बाकी किरकोळ. शेवटी एक रकाना आहे: कुटुंब. तुमच्या घरच्या, नात्यातल्या कुणाकडे दुसरी पेटी असेल तर तिची खूण इथे लिहायची, आणि त्यानेही त्याच्या फॉर्मात तुमची लिहायची. दोन्हीकडून लिहिलं तरच धरतात. मास्तरांनी कारण सांगितलं. एकाच घरच्या पेट्या एका साखळीत आल्या तर सगळं घरातल्या घरात कळेल, मग लपवायचं काय राहिलं? म्हणून घरच्या पेट्या जाळं कधी एका साखळीत घेत नाही. रकाना कोरा ठेवला की तुम्हाला कुणी नाही असं धरतात.

एका कुटुंबाच्या कितीही पेट्या असल्या तरी मोजताना एकच धरायची, हेही सांगितलं. मी वहीत टिपून घेतलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज बैठकीत गोंधळ झाला. एका बहाद्दराने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फॉर्म स्वतःच भरले होते. मास्तर संतापले. नव्या आवृत्तीपासून कुटुंबाचा रकाना ज्याचा त्याने, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेटीवरूनच भरायचा असा नियम ठरला. पेटी हलवली तर ती नवी धरायची. मी जोरात पाठिंबा दिला. लोकांना दुरुस्तीला वेळ द्या, पण एकदा काय ती तारीख ठरवून यादीला कायमचं कुलूप घाला, असंही सुचवलं. ३० सप्टेंबर, संध्याकाळी सहा. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान डोलावली. शाळेत असताना असं कधी झालं नव्हतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सत्तावन्न. तीन कमी. दोन दिवस उरलेत आणि फोन करून घसा बसलाय.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःशी तरी नाकबूल करता येणार नाही. आज तीन पेट्या उचलल्या. एक आईकडे शिलाई मशीनजवळ ठेवली. आई अजून लोकांचे कपडे उसवून-शिवून देते, त्या खोलीत कायम दोऱ्याचे तुकडे. तिने विचारलं की याला पाणीबिणी घालावं लागत नाही ना. दुसरी धाकट्याच्या दुकानात. तो विजेच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देतो आणि दुकानामागच्या खोलीतच राहतो. त्याला मी सगळं व्याख्यान दिलं, खरेपणा, विश्वास, अमुकतमुक. तो तत्त्वाचा माणूस, तारेचं वजनसुद्धा मारत नाही. त्याला पटलं. फॉर्मचं विचारलं तेव्हा मी म्हटलं की तुझे हात वार्निशने भरलेत, मी भरते. तिसरी माझ्या खोलीत.

तिन्ही फॉर्म मीच भरले. कुटुंबाचा रकाना तिन्हींत कोरा ठेवला. भरला असता तर तिघांची मिळून एकच पेटी धरली असती आणि आकडा अठ्ठावन्नवर अडला असता. कुणाचं काय घोडं मारलं?

१८ सप्टेंबर, गुरुवार

रिलीज झाली. साठ पेट्या, एकही बंद नाही. मास्तरांनी केक आणला. खडूससुद्धा हसला, म्हणजे ओठ एका बाजूला गेले. मला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली. खूप दिवसांनी वाटलं की आपणही काही कामाच्या आहोत.

आईचा दुपारी फोन आला. धाकट्याबद्दल एकही तक्रार केली नाही. म्हटलं, चला, आजचा दिवसच चांगला.

२१ सप्टेंबर, रविवार

रविवारी आम्ही तिघं आईकडे जेवतो. आज धाकटा आला नाही आणि आईने पानंही दोनच घेतली. दोघांचं बिनसलंय हे उघड आहे. मी विचारलं, त्याची वाट बघायची का, तर तिने विचारलं, कुणाची. आईचा हा जुना खाक्या आहे, रागावली की माणसाचं नाव टाकते. एकदा माझ्याशी सोळा दिवस बोलली नव्हती, भाजीवाल्यातर्फे निरोप द्यायची. मी विषय वाढवला नाही. जाताना दुकानात डोकावले. तो मजेत होता. दुपारी ब्रेड खाल्ला म्हणाला. आईचं काहीच बोलला नाही. दोघं सारखीच हट्टी, मधल्यामधे मी.

२३ सप्टेंबर, मंगळवार

समेट करायला आईकडे गेले. मुद्दाम जुना अल्बम काढला. धाकटा सात वर्षांचा, आईच्या मांडीवर, समोरचे दोन दात पडलेले. या फोटोवर आई नेहमी विरघळते.

आईने चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं की हा मुलगा कुणाचा गं.

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, गोड आहे पोरगा, पण माझ्या मांडीवर कसा काय बसलाय? शेजारच्यांचा असेल. मग तिने पान उलटलं आणि माझ्या शाळेच्या फोटोवर बोलायला लागली. कुठला फ्रॉक, कुणाच्या कापडातला, बटणं किती, सगळं आठवत होतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळची रजा काढून आईला डॉक्टरकडे नेलं. तारीख विचारली, आकडे उलटे म्हणायला लावले, पाच वस्तू लक्षात ठेवायला दिल्या. आईने पाचही सांगितल्या आणि वर डॉक्टरांच्या कोटाची शिवण उसवली आहे तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले की स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मुलं किती विचारलं. आई म्हणाली, ही एकच. मी डॉक्टरांना खुणेने नाही म्हणत होते, त्यांनी मला बाहेर बसवलं. मग मला समजुतीने विचारलं की तुम्हाला झोप नीट लागते का.

बाहेरून धाकट्याला फोन लावला. म्हटलं, अरे, आईचं काहीतरी बिघडलंय, ये ताबडतोब. तो म्हणाला, येतो ताई, काळजी करू नकोस. आणि मग अगदी मायेने विचारलं:

“तुझ्या आईला नक्की काय झालंय?”

फोन बंद केला. आईला घरी सोडून ऑफिसला गेले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दोघांनाही एकदम तोच आजार कसा होईल? धाकट्याला सगळं विचारून पाहिलं. लहानपणचं घर आठवतं. मी आठवते, त्याला शाळेत सोडायची ती, मारायची ती. स्वयंपाक कोण करायचं? विचार करून म्हणाला, तूच असशील. ताप आला की रात्रभर कोण बसायचं? तूच ना ताई. तो माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघत होता की मला तिथून पळावंसं वाटलं. आईचं सगळं श्रेय मला मिळतंय. मी मागितलं नव्हतं.

आईला मी ठाऊक. त्याला मी ठाऊक. त्या दोघांना एकमेकं—

फळ्यावरचे तीन चौकोन आठवले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी दुकानात जाऊन त्याच्या पेटीची वायर उपटली. दिवा विझला. म्हटलं, खड्ड्यात गेली रिलीज. तो तार गुंडाळत होता, माझ्याशी बोलत होता, कसल्याशा गिऱ्हाइकाची गंमत सांगत होता. गंमत अर्धी झाली आणि तो थांबला. मान वर केली. बघितलं माझ्याकडे.

“बाई, मोटार आणलीय का दुरुस्तीला?”

मी वायर परत खोचली. तीनदा चुकली, चौथ्यांदा बसली. तो उठून म्हणाला की बाई, तिथे हात घालू नका, शॉक बसेल. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. अर्धा तास. चाळीस मिनिटं. मग आतून हाक आली की ताई, उन्हात काय उभी आहेस, आत ये की.

म्हणजे पेटी चालू आहे तोवर निदान मी तरी आहे त्याला. बंद केली तर तेही नाही.

आईच्या पेटीला हात लावला नाही. लावणारही नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

दोघांना समोरासमोर आणलं. वाटलं होतं, रक्त रक्ताला ओळखेल. लोक बोलतात तसं काही नसतं.

आई दारात उभी राहून त्याला या, बसा म्हणाली. पदर सारखा केला. माझा धाकटा, तिच्या पोटचा, तिच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसला आणि काकू, पाणी राहू द्या म्हणाला. तिने विचारलं की आपण काय करता. तो म्हणाला की मोटार वाइंडिंग. ती म्हणाली की बरं आहे, स्वतःचा धंदा बरा. मग दोघं माझ्याकडे बघायला लागली, की हिने आपल्याला कशाला बोलावलंय. नंतर आईने मला स्वयंपाकघरात ओढून हळूच विचारलं की तुझं लग्नाचं काही चाललंय का याच्याशी, वयाने लहान वाटतो पण मुलगा सरळ आहे.

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. नळ चालू ठेवून रडले.

एक घाण विचार आला होता, तो लिहिते. माझ्याकडे तर दोघंही आहेत. माझं काय अडलंय? चालू दे असंच. पण आईचं वय सत्तर आहे. उद्या ती गेली तर तो माझं सांत्वन करायला येईल. शेजाऱ्यासारखा हात जोडून उभा राहील, आणि त्याला काहीच वाटणार नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

खडूसला जिन्यात गाठलं. सगळं सांगितलं, फॉर्मची लबाडीसुद्धा. त्याला आश्चर्य वाटलं नाही, याचाच मला संताप आला. म्हणाला की जाळं तुम्ही लिहिलंत ते खरं मानतं. तुम्ही लिहिलंत की हे तिघं एकमेकांचे कुणी नाहीत. त्याने तिघांना एका साखळीत घातलं, आणि साखळीत पहिल्याला तिसरा ठाऊक नसतो. हे पेटीतून माणसापर्यंत कसं पोहोचतं ते त्याला माहीत नाही. पण जुन्या चाचणीच्या वेळी त्यांनी पाचही जणांनी आपापल्या आणि नातेवाइकांच्या घरी पेट्या ठेवल्या होत्या. आपसातलीच चाचणी म्हणून रकाना कुणीच भरला नव्हता.

मी विचारलं, मग तुमच्या घरचे कुठे आहेत? तो म्हणाला, असतील. आणि डब्याच्या पिशवीवरून हात फिरवला.

मी विचारलं, माहीत होतं तर थांबवलं का नाही. म्हणाला की नुसता संशय होता. आणि खरं सांगायचं तर, ज्याचं काय गेलं तेच आठवत नाही त्याला घाई कसली? मी त्याला नाही नाही ते बोलले. तेरा वर्षं ऐकलेल्या सगळ्या शिव्या एकदम परत केल्या.

उपाय एकच. तिघांनी, आपापल्या पेटीवर, आपल्या हाताने, बाकीच्या दोघांच्या खुणा कुटुंबाच्या रकान्यात लिहायच्या. एकाचं जरी राहिलं तरी तो इतर दोघांना परका, आणि उद्या सहाला यादीला कुलूप. नंतर मास्तरसुद्धा उघडू शकत नाहीत. नियम कुणी सुचवला तेही त्याने सांगितलं. माहीत होतं मला.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी आईकडे. तिन्ही खुणा माझ्याच वहीत होत्या. आई म्हणाली की तुझं ठीक आहे, पण त्या वाइंडिंगवाल्याला कुटुंब कसं म्हणू? मी पाया पडले. कधी पडत नाही, म्हणून घाबरली. लिहायला बसली. एका बोटाने, एकेक अक्षर, चष्मा पुसून. सुई ओवताना रोखते तसा श्वास रोखून. दोनदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. साडेबाराला झालं.

दुपारी दुकानात. तो नाही म्हणतोय.

“ओळख ना पाळख, त्या काकूंना माझं कुटुंब म्हणून लिहू? ताई, खोटं लिहू नये हे तूच सांगितलंस.”

अडीच. साडेतीन. गिऱ्हाइकं येतात-जातात. मी कोपऱ्यात बसून हे लिहितेय. माझी पेटी माझ्या खोलीवर, इथून बसने पाऊण तास. सकाळी निघताना पाच मिनिटांत माझा रकाना भरता आला असता. म्हटलं, माझं काय, घरचंच काम, शेवटी उरकेन. सगळ्यांना वाढून मग बसायची सवय.

साडेचार. अजून नाही म्हणतो. आता निघाले तर पोहोचेन. माझं लिहून होईल. आईने मला लिहिलंय, मी आईला लिहीन. आम्ही दोघी सुटू. हा एकटा बाहेर राहील. याला कळणारही नाही, दुखणारही नाही.

विचार केला मी हा. चांगली पाच मिनिटं केला. खोटं कशाला बोलू.

पाच. सांगितलं त्याला. फॉर्म मी भरला. रकाना मी कोरा ठेवला. आकड्यासाठी. तुला कुणी नाही असं मी लिहून दिलं. त्याने हातातली तार खाली ठेवली. म्हणाला, म्हणजे त्या बाई खरंच—

म्हटलं, हो.

त्याला आठवलं काही नाही. पण माझ्यावर विश्वास ठेवला. आता कुठल्या तोंडाने—

पाच पंचवीस. लिहिलं त्याने. दोन्ही खुणा. बोटांचं वार्निश कळांवर लागलंय.

बसमध्ये. पाच पस्तीस. पाऊण तास लागतो. सहा वीसला पोहोचेन. ड्रायव्हरला घाई करा म्हणून काय सांगू—

पाच पन्नास. लिहून ठेवते. आई. गिरणीमागची गल्ली, दुसरा जिना, दारावर शिलाईची पाटी. सुपारी खाते. उजव्या अंगठ्यावर सुई गेल्याची खूण. धाकटा. हसताना आधी खाली बघतो. मी त्याला पोहायला शिकवलं. त्याने मला सायकल. दोघांनी एकमेकांना लिहिलंय, म्हणजे ती दोघं तरी—

पाच अठ्ठावन्न. दोघांना फोन लावला. दोघांचाही लागत नाही. मग लक्षात आलं, एकमेकांशी बोलत असतील—

सहा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ही वही पिशवीत मिळाली. अक्षर माझं आहे, पेनही माझंच. सगळी वाचली, दोनदा. समजली. वाटलं मात्र काहीच नाही, हे विचित्र आहे.

ऑफिसात सगळं ठीक. मास्तर म्हणाले की आता तुम्ही इथल्या झालात. दुपारी निवांत जेवता येतं. पुढची रिलीज जानेवारीत, दोनशे पेट्या हव्यात.

तरी म्हटलं, पत्ता दिलाय तर बघून यावं. गिरणीमागची गल्ली सापडली. एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. आत तिशी-पस्तिशीचा एकजण शिलाई मशीनची मोटार खोलून बसला होता आणि त्या त्याला ओरडत होत्या की स्क्रू जमिनीवर टाकू नकोस. त्याने विचारलं की मॅडम, पेटीच्या ऑफिसातून आलात का. मी हो म्हटलं. चहा मिळाला. चांगली माणसं आहेत.

पिशवीतली वही काढून त्यांच्या हातात दिली. बाईंनी चष्मा लावून वाचायला घेतली. मुलगा मागे उभा राहून वाचत होता. फार वेळ लागला. बोट ओळीखाली फिरवत वाचतात. अंगठ्यावर जुनी खूण होती, मी बघितली. अठ्ठावीस तारखेपाशी त्या थांबल्या, पदराने डोळे पुसले, पुन्हा वाचायला लागल्या. म्हणाल्या की गल्ली, शिलाई, वाइंडिंग सगळं आमचंच दिसतंय, पण हिला आम्ही ओळखत नाही हो. कुणाची पोर आहे कोण जाणे. किती सोसलंय हिने.

मग वही मिटून छातीशी धरली आणि मुलाला म्हणाल्या की चप्पल घाल, आपण जाऊन हिला घरी घेऊन येऊ. एकटी कुठे असेल ती. तो खरंच चप्पल घालायला लागला. दोघं माझ्याकडे बघत उभी. बाईंनी मला विचारलं की तुम्हाला ठाऊक असेल, ही कुठे आहे आता?

मी म्हटलं, ती—